रोहित पक्षी टिपताना ‘ऑटो’ नको

महोदय,
ठाणे खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरले की ऐरोली, नेरुळच्या काठावर नवे कॅमेरे दिसू लागतात. बहुतेक ‘ऑटो’वरच. मग फोटो हलतात, नाहीतर पक्षी पांढरेफट्ट येतात आणि बोल लेन्सला लागतो.

शटर प्रायॉरिटी निवडावी, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवतो, बाकीचे कॅमेरा. कॅननवर ती ‘टीव्ही’ (Tv), निकॉनवर ‘एस’. उभ्या पक्ष्याला १/५०० सेकंद, उडत्याला १/१६००. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटो, कमाल मर्यादा ३२००. थोडा रवाळ फोटो चालतो, हललेला सुधारत नाही.

पांढरेफट्टपणाचे मूळ मागच्या काळ्या चिखलात आहे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सरासरी उजेड पाहतो, चिखल उजळवायला जातो आणि पिसांचा तपशील जळतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करण्याची सेटिंग) उणे ०.७ करावे. तोच पक्षी फिकट आभाळात झेपावला की अधिक १, नाहीतर तो काळपट येतो. हा बदल करायला सगळेच विसरतात!

बोटीत ट्रायपॉड इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात पोचवतो. कॅमेरा हातातच बरा. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा लहरते, तेव्हा महागडी लेन्सही धूसर फोटो देते. आणि जवळून टिपण्यासाठी ड्रोन कृपया उडवू नये, थवा बिथरतो.

– एक वाचक, ऐरोली