डोंगर आधी सांगतो, ते लिहून घ्यायला वही द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, सातारा

महोदय,

मी पाटण तालुक्यातला गवंडी. आजोबा आणि वडील पाथरवट होते. गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावायची, उंबरे घडवायचे, देवळांच्या पायऱ्या बसवायच्या, हे त्यांचे काम. माझ्या हातात छिन्नीपेक्षा थापीच जास्त राहिली, पण दगड ओळखायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. खाणीतून आलेला दगड वडील आधी हातोडीने वाजवायचे. खणखणीत वाजला तर तो जोत्याला. बद्द वाजला तर बाजूला. "आतनं कुजलाय त्यो," म्हणायचे. वरून दोन्ही सारखेच काळे दिसायचे. दगडही कुजतो हे मला तेव्हा, नवव्या-दहाव्या वर्षी कळले. चाळीस वर्षे मी तो कुजताना पाहतो आहे, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगतो. आपल्या जिल्ह्यात डोंगरकपारीला जेवढी गावे आणि वाड्या आहेत, तेवढ्या ठिकाणी एक वही ठेवावी. जमिनीला, भिंतींना, झऱ्यांना काय होते आहे ते गावाने तारखेसह त्यात लिहावे, आणि दरवर्षी मृग लागण्याआधी आपल्या माणसाने गावात येऊन ती वही वाचावी. वाचून झाल्यावर जिथे काही लिहिले आहे ती जागा पायी चालून पाहावी. एवढेच.

एवढ्यासाठी खुले पत्र कशाला, असे वाटेल. म्हणून आम्हाला काय दिसते ते जरा सविस्तर सांगतो.

आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या घरात या. वळचणीखाली पाहा. वर्षानुवर्षे पागोळ्या एकाच ओळीत पडून जमिनीत खळग्यांची माळ तयार झालेली असते. बाजूच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत तांबडे शिंतोडे असतात. पावसाचा थेंब मातीवर आपटून तिचे कण केवढे उडवतो, ते ती भिंत सांगते. उताराच्या शेतात बांधावरच्या आंब्याची मुळे उघडी पडलेली दिसतात. ते झाड कधी काळी मुळे वर ठेवून उगवले नव्हते. मुळे जेवढी वर दिसतात तेवढी माती तिथून गेलेली आहे. शेतकऱ्याला हे मोजायला यंत्र लागत नाही. तो म्हणतो, "आजोबाच्या वक्ताला हितं बसायला जागा नव्हती, आता मुळावर बसतो."

भिंतीला लोणा लागतो तो तर प्रत्येकाने पाहिला आहे. जमिनीतली ओल वर चढते, सोबत क्षार आणते, पाणी उडून गेले की क्षाराचे खडे दगडाच्या बारीक छिद्रांत वाढतात आणि आतूनच त्याला फोडतात. हाताने चोळले की पांढरी भुकटी निघते आणि तिच्यासोबत दगडाचा पापुद्राही. इथे माझ्याच धंद्यातली एक चूक बोलून दाखवली पाहिजे. जुन्या चुन्याच्या बांधकामाच्या सांध्यांत आम्ही लोक सिमेंट भरतो. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट सोडत नाही. मग ती ओल दगडातून वाट काढते, आणि सांधा शाबूत राहून दगडच झडतो. मीही तरुणपणी एका देवळाला असे सिमेंट भरले आहे. तिथे गेलो की मान वर करवत नाही. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीचे काम १७१९ ते १७२४ या काळातले. तीनशे वर्षांचे ते बांधकाम पाहायला मी शिकाऊ पोरांना मुद्दाम नेतो.

काळ्या दगडावर राखाडी-हिरवे डाग दिसतात, ते मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. दिसायला निरुपद्रवी, पण ते दगडावर बसून आम्ल सोडतात आणि त्याची वरची कातडी सैल करतात. त्या सैल कातडीत धूळ साठते, धुळीत शेवाळ धरते, शेवाळात पक्ष्याने टाकलेले पिंपळाचे बी रुजते. ते मूळ पुढे पाचराचे काम करते. आम्ही दगड फोडताना पहारीने जे करतो तेच पिंपळ करतो, फक्त त्याला घाई नसते.

आता घराबाहेर पडू. यवतेश्वरच्या घाटात, पसरणीच्या घाटात, आमच्याकडे कुंभार्लीला, रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे गाडी थांबवून पाहा. मुरमात काळे गोल गोटे बसलेले दिसतील, आणि भोवती कांद्यासारखे पापुद्रे. लोकांना वाटते, हे नदीने आणून टाकलेले गोटे. पण ते तिथलेच आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या-आडव्या चिरा पडल्या. त्या चिरांतून पाणी शिरले. चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्याला तीन बाजूंनी पाणी लागते, कडेला दोन बाजूंनी, सपाट अंगाला एकाच बाजूने. म्हणून कोपरे आधी जातात आणि ठोकळ्याचा गोळा होतो. भोवतीचा जो कुजलेला भाग, तो आपला मुरूम. ज्या मुरमावर आपण रस्ते करतो तो अर्धवट माती झालेला कातळ आहे, हे आमच्यातल्या पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

याच कापात कुठे कुठे दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबडा पट्टा दिसतो. एक लाव्हा निवल्यावर दुसरा येईपर्यंत वरचा खडक कुजून माती झाली, आणि नव्या लाव्ह्याखाली ती भाजून निघाली. हा पट्टा चिकणमातीचा, पाणी सहज खाली जाऊ देत नाही. म्हणून डोंगराला झरे लागतात ते बऱ्याचदा त्याच्या वरच्या अंगाला. आमच्या वाडीची पिण्याच्या पाण्याची टाकी अशाच एका झऱ्यावर आहे.

आणि अगदी माथ्यावर जांभा. पाचगणीचे टेबललँड, कासचे पठार, आमचा सडा वाघापूर, सगळी जांभ्याची टोपी. काळ्या कातळातले बाकीचे सारे पावसाने धुऊन नेले आणि मागे लोखंड उरले, गंजून लाल झालेले. जांभा म्हणजे पुरता झिजून गेलेल्या कातळाचे अवशेष. कासला २०१२ साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारशात घेतले. लोक तिथे फुले पाहायला येतात. ती फुले ज्या बोटभर मातीत उगवतात, ती माती त्या दगडाच्या झिजण्यातून आली आहे.

माझी मुलगी नववीत असताना तिच्या भूगोलाच्या पुस्तकात हे सगळे होते. खडक जागेवर फुटतो-कुजतो त्याला 'विदारण' शब्द होता, आणि उतारावरून माल खाली येतो त्याला 'विस्तृत झीज'. तिने दोन्हींच्या व्याख्या पाठ केल्या. शाळेच्या मागच्या टेकडीवर ही दोन्ही उघड्यावर पडलेली आहेत, आणि तिथपर्यंत तिला कोणी नेले नाही. मी नेले. तिने मला शब्द दिले, मी तिला जागा दाखवल्या.

मुख्य गोष्टीकडे येतो. कुजलेला मुरूम आणि त्यावरची माती हे पांघरूण, खाली शाबूत कातळ. पाऊस पांघरुणात मुरतो, पण कातळाशी येऊन अडतो. तिथे पाणी साचले की वरचे वजन वाढते आणि खालची पकड सुटते. पांघरूण जेवढे जाड आणि उतार जेवढा उभा, तेवढा धोका. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. त्याच रात्री आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला. त्याच्या आधी, ३० जुलै २०१४ ला, शेजारच्या पुणे जिल्ह्यात माळीण. नंतर, जुलै २०२३ मध्ये, रायगडात इर्शाळवाडी. ही नावे आता आमच्या बायका-पोरांना पाठ आहेत. रात्री पावसाचा जोर वाढला की आमच्या वाडीत दिवे विझत नाहीत.

पाऊस कोणाच्या हातात नाही. पण असा उतार बहुतेकदा आधी हलायला लागतो, आणि हलताना खुणा सोडतो. गायरानात उताराला आडवी भेग पडते. विजेचा खांब वाकतो, कुंपणाचे खांब एका रेषेत राहत नाहीत. झाडाचा बुंधा खाली झुकतो आणि शेंडा पुन्हा वर वळतो. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ येते, किंवा नसलेल्या जागी झरा फुटतो, किंवा बारमाही झरा आटतो. घराचे दार चौकटीत अडकते. या खुणा दिसतात कोणाला? गुराख्याला, पाणी भरणाऱ्या बाईला, वायरमनला, आणि दार तासायला बोलावतात त्या सुताराला. अधिकारी वाईट असतो असे मी म्हणत नाही, पण तो त्या वाटेने रोज जात नाही.

आमच्या वाडीची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला पोकलेन आला आणि डोंगराचा पायथा उभा कापला. त्याच उन्हाळ्यात गुरे राखणाऱ्या पोराला वरच्या गायरानात भेग दिसली, पंजा आत जाईल एवढी. आम्ही चौघे एका कार्यालयात गेलो. कोणी उद्धट बोलले नाही, चहासुद्धा मिळाला. पण लिहून घ्यायचे कुठे, हा प्रश्न पडला. छापील कागदावर 'नुकसानीचा तपशील' असा रकाना होता. नुकसान अजून झालेले नव्हते. शेवटी साधा अर्ज दिला, त्यावर शिक्का पडला, पोच मिळाली. पाहायला कोणी आले नाही. श्रावणात एका पहाटे बांध, रस्ता आणि एक गोठा एकदम खाली गेला. दोन म्हशी गेल्या. त्या घरची माणसे पाऊस पाहून रात्रीच शाळेत झोपायला गेली होती. पंचनामा मात्र दोन दिवसांत झाला, कारण आता रकाना भरायला नुकसान होते.

मला त्या रकान्याच्या आधीचा रकाना हवा आहे. वही म्हणतो ती त्यासाठी.

त्या वहीत लिहायचे कसे, हे आम्ही गवंडी जाणतो. भिंतीला तडा गेला तर आम्ही त्यावर आडवी प्लॅस्टरची पातळ पट्टी मारतो आणि ओल्यावरच तारीख कोरतो. पट्टी फुटली तर तडा जिवंत आहे. नाही फुटली तर तो जुना आहे, बुजवून टाकावा. जमिनीच्या भेगेला दोन्ही काठांवर एकेक खुंटी ठोकायची आणि त्यांच्यातले अंतर टेपने मोजायचे. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दररोज. हे नववीचे पोर करू शकते, आणि त्यानेच करावे अशी माझी इच्छा आहे. शाळेने वर्षाला एक दिवस मुलांना गाव फिरवावे. जात्याची झिजलेली टाकी, देवळाची मध्ये खोल झालेली पायरी, आंब्याची उघडी मुळे इथून सुरुवात करावी, आणि शेवट गायरानातल्या भेगेपाशी. अशा फेरीनंतर 'विदारण' शब्द पाठ करावा लागणार नाही.

खर्चाचे म्हणाल तर वही, टेप आणि खुंट्या. खरी अडचण तुमच्या बाजूची आहे, तीही बोलतो. वहीत लिहिले आणि कोणी आले नाही, तर दुसऱ्या वर्षी गाव लिहिणे सोडून देईल. म्हणून वाचणारा माणूस नेमून द्यावा, तलाठी असो वा मंडल अधिकारी. किती दिवसांत यायचे तेही ठरवून द्यावे. भेग वाढत असेल तर पुढे कोणाला फोन करायचा, लोकांनी रात्री कुठे जायचे, हे त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे. आणि डोंगराचा पायथा कापायची परवानगी देण्याआधी वरच्या गावची वही मागवून पाहावी.

झीज थांबवा असे मी म्हणत नाही, ती थांबणारी नाही आणि थांबूही नये. आमच्या डोंगराची माती कृष्णा-कोयनेतून खाली जाते, म्हणून तर सांगलीकडे कृष्णाकाठी मळीची जमीन आहे आणि तिथली वांगी नावाजलेली आहेत. आमचे जाते ते त्यांना मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त ते जाताना सोबत माणसे नेऊ नये.

आमच्या वाडीच्या वर, जुन्या भेगेपासून शंभरएक पावलांवर, आता दुसरी भेग आहे. गेल्या कार्तिकात मी तिच्या दोन काठांवर खैराच्या दोन खुंट्या ठोकल्या. त्या दिवशी अंतर ६० सेंटिमीटर होते. संक्रांतीला ६०. होळीला ६०. मागच्या आठवड्यात वळवाची पहिली सर पडून गेल्यावर मुलीने आणि मी मोजले, ६१. तिने ते शाळेच्या जुन्या वहीत तारीख घालून लिहिले आहे. पुढचे माप मृगाच्या दिवशी सकाळी घेणार आहोत. टेपचे दुसरे टोक धरायला आपला माणूस पाठवावा, ही विनंती.

आपला,
एक गवंडी
पाटण तालुका, जि. सातारा