जीएसटीच्या लॉगिनवर मोबाइल नंबर कोणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च संपून नवे आर्थिक वर्ष सुरू झाले की आमच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत अनेक छोटे कारखानदार आपला हिशेबनीस बदलतात. निवड करताना बहुतेकांचे प्रश्न तीनच असतात : फी किती घेणार, टॅक्स किती वाचवून देणार आणि माणूस कोणाच्या ओळखीचा. जीएसटी कायद्याच्या कलम 48 मध्ये काय लिहिले आहे हे ठाऊक असते, तर या तीन प्रश्नांवर कोणी थांबले नसते, असे मला वाटते. नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनरने विवरणपत्र भरले असले, तरी त्यातील माहितीच्या अचूकतेची जबाबदारी व्यापाऱ्याचीच राहील, असे ते कलम स्पष्ट सांगते. परवानाधारक व्यक्तीच्या बाबतीत ही स्थिती असेल, तर संध्याकाळी दोन तास येऊन टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करणाऱ्या मुलाच्या चुकीबद्दल सरकार त्याला नव्हे, आपल्यालाच विचारणार, हे उघड आहे.

आमच्याच ओळीतील एका वर्कशॉपचे उदाहरण देतो. दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन, पंपाचे सुटे भाग तयार करून फौंड्रीला पुरवायचे, एवढा त्यांचा पसारा. मालक दिवसभर मशीनवर, त्यामुळे कागदाचे सगळे काम एका हिशेबनिसावर सोपवलेले. जीएसटीची नोंदणीही त्यानेच करून दिली आणि त्या वेळी ईमेल व मोबाइल नंबर स्वतःचाच घातला. दर महिन्याला तो कराचा आकडा सांगे, मालक तेवढी रक्कम त्याच्या हातात रोख देत आणि ‘भरले’ या एका शब्दावर निश्चिंत होत. पुढे फौंड्रीच्या खरेदी विभागाने त्यांच्या बिलांवरची जीएसटीची रक्कम रोखून धरली, कारण ती बिले फौंड्रीच्या टूबीमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरील यादीत (जीएसटीआर-2बी), दिसतच नव्हती. मालक जीएसटीचे पोर्टल उघडायला बसले, तर पासवर्ड नवा करण्यासाठी लागणारा ओटीपी त्या हिशेबनिसाच्या मोबाइलवर जात होता आणि तो फोन उचलत नव्हता. अखेर पॅन कार्ड व नोंदणीची कागदपत्रे घेऊन त्यांना आपल्या क्षेत्राच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जावे लागले, तेव्हा कुठे लॉगिन त्यांच्या हाती आले. एकदा दिलेला कर त्यांनी पुन्हा पदरमोड करून भरला, आणि त्यावर वार्षिक 18 टक्के दराने व्याजही.

येथे नुकसान नेमके कोठे होते, हे समजून घेतले पाहिजे. विवरणपत्र उशिरा भरल्यास दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क लागते आणि त्याला कमाल मर्यादा आहे, म्हणून पुष्कळ जण ती बाब हलक्यात घेतात. परंतु 1 जानेवारी 2022 पासून खरेदीदाराला कराची वजावट (खरेदीवर दिलेला कर आपल्या देय करातून वजा करण्याची सोय) तेव्हाच मिळते, जेव्हा पुरवठादाराने ते बिल आपल्या जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्रात दाखवलेले असते. साहजिकच आपल्या हिशेबनिसाचा आळस थेट आपल्या गिऱ्हाइकाच्या खिशाला लागतो, आणि मोठे गिऱ्हाईक दोन वेळा सांगून पाहते, तिसऱ्या वेळी ऑर्डर दुसऱ्याला देते. त्यात एखादे बिल दाखवायचे राहूनच गेले आणि पुढील आर्थिक वर्षातील 30 नोव्हेंबरची मुदत उलटली, तर त्या बिलावरची वजावट खरेदीदाराला कायमची गमवावी लागते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याने सलग सहा महिने ते भरले नाही, तर नोंदणी रद्द होऊ शकते, हे वेगळेच.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की नव्या माणसाशी बोलताना फीच्या आधी लॉगिनचा विषय काढावा. पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल मालकाचाच राहील, डिजिटल सही असल्यास ती मालकाच्याच ताब्यात असेल आणि ओटीपी प्रत्येक वेळी मालकाला विचारून घेतला जाईल, या अटी ज्याला अडचणीच्या वाटतात, त्याला काम देऊ नये. नोंदणीकृत प्रॅक्टिशनरला स्वतःचे वेगळे लॉगिन असते आणि व्यापारी पोर्टलवरूनच त्याची नेमणूक करू शकतो, काढूही शकतो. तेव्हा ‘तुमचा पासवर्ड माझ्याकडे असल्याशिवाय काम होत नाही’ हे म्हणणे त्याच्या तोंडी टिकत नाही. कराचे पैसे तर कोणाच्याही हातात रोख देऊ नयेत. त्याने चलन तयार करून पाठवावे, पैसे आपल्या बँक खात्यातून थेट सरकारकडे जावेत आणि भरल्याची पावती त्याच दिवशी आपल्या फाइलला लागावी.

उमेदवाराची पारख करण्याचा एक सोपा मार्ग फार थोड्यांना ठाऊक आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणताही जीएसटी क्रमांक टाकला, तर लॉगिन न करताही त्या व्यापाऱ्याने कोणत्या महिन्याचे विवरणपत्र कोणत्या तारखेला भरले, हे दिसते. हिशेबनीस ज्यांची कामे करतो म्हणून अभिमानाने सांगतो, त्यांपैकी दोघातिघांची बिले आपल्याकडे बहुधा असतातच. त्यांवरचे क्रमांक टाकून पाहावेत. दरमहा भरणाऱ्यांचे जीएसटीआर-1 साधारणपणे 11 तारखेपर्यंत आणि थ्रीबी (कर भरण्याचे विवरणपत्र, जीएसटीआर-3बी) 20 तारखेपर्यंत गेलेले दिसले पाहिजे. तिमाही योजनेतील व्यापाऱ्यांच्या तारखा वेगळ्या असतात. उशीर दिसला म्हणून लगेच त्या माणसाला नाकारू नये, कारण दोष गिऱ्हाइकाचाही असू शकतो, पण कारण मात्र विचारावे. त्या उत्तरावरून माणूस कळतो. आपल्या स्वतःच्या क्रमांकावरही महिन्यातून एकदा अशी नजर टाकावी, त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

टॅलीच्या डेटाचेही असेच आहे. डेटा हिशेबनिसाच्या लॅपटॉपवर आणि कंपनीचा पासवर्ड त्याच्या डोक्यात, अशी व्यवस्था असेल, तर त्याच्याशी बिनसल्यावर येणे-देण्याची यादीसुद्धा आपल्याला मिळत नाही. दर महिन्याचा बॅकअप आपल्याकडे आला पाहिजे, हे पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर लिहून घ्यावे.

रोजच्या नोंदी, विवरणपत्रे आणि लेखापरीक्षण ही तीन वेगळी कामे आहेत आणि प्रत्येकाला सीए लागत नाही. परंतु कर्जासाठी बँकेत द्यायचा ताळेबंद सीएने प्रमाणित केलेला असेल, तर त्यावर 18 अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदपत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो आणि तो क्रमांक इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाच्या यूडीआयएन पोर्टलवर कोणालाही पडताळता येतो. शिक्का आणि सही पाहून समाधान मानण्याचे दिवस गेले.

टॅक्स वाचवून देण्याच्या आश्वासनाबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. कायदेशीर सवलत समजावून सांगणारा सल्लागार मोलाचा असतो, त्याची फी आनंदाने द्यावी. पण माल न येता नुसती खरेदीची बिले आणून वजावट वाढवून देतो, असे जो सुचवतो, तो आपल्याला खड्ड्यात घालतो आहे. ती वजावट व्याजासह परत करावी लागते, वर कराइतकाच दंड होऊ शकतो, आणि नोटीस येते ती कारखान्याच्या नावाने.

हिशेबनिसांची बाजूही मांडली पाहिजे. महिनाभर बिले पिशवीत कोंबून ठेवायची, 18 किंवा 19 तारखेला ती पिशवी त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायची आणि फीसाठी मात्र तीन-तीन महिने फेऱ्या मारायला लावायच्या, ही आपल्यापैकी अनेकांची रीत आहे. अशा अवस्थेत प्रामाणिक माणूसही चुकतो, आणि बहुतेक वेळा चांगला हिशेबनीसच आपल्याला सोडून जातो. पहिल्या पाच दिवसांत बिले पोहोचवणे आणि फी वेळेवर देणे हा आपल्या बाजूचा करार आहे.

आपल्या वृत्तपत्रामार्फत दोन मागण्या मांडतो. एक, नोंदणीच्या वेळी मालकाच्या आधारची पडताळणी होते, त्याच धर्तीवर पोर्टलवरील मोबाइल नंबर खरोखर मालकाचा आहे का, याची वर्षातून एकदा खातरजमा जीएसटी विभागाने करावी. दोन, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील उद्योजकांच्या संघटनांनी दर मार्च महिन्यात एक दिवस ठेवून प्रत्येक छोट्या सभासदाला स्वतःचे पोर्टल स्वतः उघडून दाखवावे. जुन्या हिशेबनिसाचा नंबर आढळल्यास तो बदलण्याचा अर्ज तेथेच भरून घ्यावा आणि त्यासाठी विभागाचा एक अधिकारी त्या दिवशी उपस्थित राहावा.

आपला विश्वासू,
एक लघुउद्योजक, शिरोली, जि. कोल्हापूर