बाबा, ओरिजिनल डिलीट करू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर व्हिडिओ लहान करण्यावरून बोलताना बाबा म्हणाले "तो क्वालिटीचा आकडा किती ठेवू ते एका वाक्यात सांग" आणि मी उगाच चिडले, त्याबद्दल आधी सॉरी. एका वाक्यात सांगता येत नाही हे एक कारण, दुसरं कारण खाली येईलच. आज सुट्टी आहे म्हणून नीट बसून टाइप करतेय. आई, तू वाचून दाखव त्यांना, ते चष्मा शोधेपर्यंत अर्धं विसरतात.

तर बाबा, तुम्ही हँडब्रेकमध्ये, म्हणजे त्या व्हिडिओ दाबून लहान करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ४० ठेवलात कारण जास्त आकडा म्हणजे जास्त मार्क असं तुम्हाला वाटलं. तिथे उलटं आहे. आरएफ म्हणून जे लिहिलंय ते वर्गातल्या नंबरासारखं समजा, पहिला नंबर दहाव्यापेक्षा भारी. ४० नंबरवाल्याकडून काय अपेक्षा ठेवणार, म्हणून चिनूच्या मुंजीत सगळ्यांचे चेहरे शेवाळ धरल्यासारखे दिसले. मग घाबरून तुम्ही १६ ठेवलात आणि फाइल मूळच्यापेक्षा मोठी झाली, आणि मला फोन की सॉफ्टवेअर बिघडलंय. बिघडलं नाहीये. फोन रेकॉर्ड करतानाच व्हिडिओ दाबून ठेवतो, तेही एचईव्हीसी (म्हणजेच एच.२६५) नावाच्या नव्या पद्धतीने, तुम्ही तो जुन्या एच.२६४ पद्धतीने आणि एवढ्या कडक क्वालिटीत परत भरायला सांगितलात, मग फुगणारच.

खरं तर हँडब्रेकच्या आधी फोनचं सेटिंग बघायला हवं. माझा जुना आयफोन तुम्हाला दिला तेव्हा तो फोर-के ६० वर होता, म्हणजे खूप बारीक चित्र आणि सेकंदाला साठ फोटो, चूक माझीच. तिथे ॲपलनेच लिहून ठेवलंय की मिनिटाला साधारण ४०० एमबी लागतात. म्हणजे मुंजीचा ४० मिनिटांचा एक व्हिडिओ १६ जीबी! तोच फोर-के ३० वर घेतला तर मिनिटाला १७०, म्हणजे सात जीबीच्या आत. चिनू काही क्रिकेटचा बॉल नाहीये की सेकंदाला साठ फोटो लागावेत. आता सेटिंग, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओमध्ये जाऊन ३० करा. मात्र शूट करताना १०८०, म्हणजे फुल एचडी, करू नका, कारण जे तेव्हा टिपलंच नाही ते नंतर कुठून आणणार.

आता आकडा. एच.२६४ मध्ये १०८० ची कॉपी करायची असेल तर हँडब्रेकवालेच २० ते २४ म्हणतात, फोर-के ठेवायचं असेल तर २२ ते २८. मी स्वतः १०८० ला २१ ठेवते. साधारण सहा आकडे खाली गेलं की साइज दुप्पट होते, त्यामुळे २१ चं १५ केलंत तर जागा दुप्पट जाईल आणि आपल्या हॉलमधल्या टीव्हीवर फरक काही दिसणार नाही. आणि हो, एच.२६५ निवडलंत तर तिथला २१ म्हणजे इथला २१ नव्हे, दोघांची मापं वेगळी, आपण आकडा दिला नाही तर एच.२६४ स्वतः २३ धरतं आणि एच.२६५ २८. आपला टीव्ही जुना फुल एचडी आहे, त्याला एच.२६५ कळतही नाही, म्हणून टीव्हीसाठी एच.२६४ आणि १०८० एवढंच लक्षात ठेवा.

"मग किती जीबी होईल" हे तुम्ही तीनदा विचारलंत. ते आधी सांगता येत नाही. आरएफ म्हणजे शिंप्याकडे माप देऊन शिवणं, ज्याला जेवढं कापड लागेल तेवढं लागेल. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती जागा वापरायची ते, ठरवून देणं म्हणजे रेडीमेड, सगळ्यांना एकच साइज, बारक्याला ढगळ आणि जाड्याला फाटतंय. आणि व्हिडिओंमध्ये बारके-जाडे खूप असतात. दाबायची युक्ती अशी असते की जे हललं नाही ते परत परत लिहायचं नाही, मागची भिंत एकदा काढली की झालं. म्हणून भटजी बसून मंत्र म्हणतायत तो भाग अगदी थोडक्यात मावतो, पण अक्षता पडायला लागल्या की प्रत्येक दाणा वेगळा, प्रत्येक दाणा हलतोय, तिथे जागाच जागा लागते. अंगणातला पाऊस, नारळाच्या झावळ्या, नदीचं पाणी, तसंच. अंधारातलं तर सगळ्यात वाईट, कारण काळ्या भागात सगळीकडे ते मुंग्यांसारखं वळवळत असतं.

आई, तुला आंबापोळीवरून पटकन कळेल. रस उन्हात ठेवलास की पाणी जातं, चव राहते आणि पोळी डब्यात मावते. हे चांगलं दाबणं. दोन दिवस जास्त राहिली की चामडं होतं. आणि कितीही चांगली झाली तरी पोळीत पाणी घालून हापूस परत येत नाही. बाबा जे करतायत ते म्हणजे पोळी परत कुटून तिची परत पोळी करणं, आधी दाबलेल्या फाइलवर परत हँडब्रेक चालवतायत. दरवेळी ओरिजिनलवरूनच करा.

आणि इथे माझ्या चिडण्याचं दुसरं कारण येतं. २०१५ चा शिमगा आठवतोय ना, पालखी आपल्या अंगणात आली होती आणि बाबांनी खांद्यावर घेऊन नाचवली होती, रात्रीचे बारा वाजून गेले होते, मी हँडीकॅमवर जवळजवळ तासभर शूट केलं होतं. तो व्हिडिओ नीट का दिसत नाही म्हणून तुम्ही विचारता आणि मी कॅमेरा जुना होता म्हणते. कॅमेरा चांगला होता. मी तेव्हा हॉस्टेलवर होते, आमच्याकडे कुठलाही पिक्चर ७०० एमबीचाच असायचा, मग मी पण तासभराचा व्हिडिओ ७०० एमबीत बसवला, लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर पहिली दोन मिनिटं बघितली, त्यात आई तू दारात रांगोळी काढतेयस, छान दिसलं, आणि ओरिजिनल उडवून कार्ड रिकामं केलं. पुढे अंधार, गुलाल, ढोल, माणसांची गर्दी, ते बघितलंच नाही. आता गुलालाच्या जागी लाल चौकोन सरकताना दिसतात आणि बाबांचा चेहरा पालखी खाली येते तेव्हा क्षणभर येतो आणि परत त्या चौकोनात जातो. बाबांचा खांदा आता तसा राहिला नाही, त्यामुळे परत शूट करू म्हणण्यात पण अर्थ नाही. दहा वर्षं सांगितलं नव्हतं, आज सांगितलं.

म्हणून टेस्ट करायची ती सगळ्यात अवघड भागाची. हँडब्रेकमध्ये रेंज म्हणून आहे तिथे सेकंद निवडा आणि अक्षतांची तीसेक सेकंदंच काढून बघा, एकदा २०, एकदा २२, एकदा २४. पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावा आणि रोज जिथे बसता तिथूनच बघा, टीव्हीला नाक लावून नाही. कोणता आकडा कोणता हे आईला सांगू नका. आईची नजर तांदळातला खडा शोधणारी आहे, मागच्या वेळी साडीच्या काठातली जर गेली हे तिनेच पकडलं होतं, मला दिसलंही नव्हतं. आईला जिथे फरक कळेनासा होईल तो आपला आकडा.

स्पीडचा जो स्लायडर आहे तो स्लोकडे ठेवा, वेळ लागतो पण तेवढ्याच जागेत बरं चित्र बसतं. लॅपटॉप पंखा फिरवून बोंबलेल, बोंबलू दे, रात्री लावून झोपा, फक्त चार्जर लावलेला असू दे कारण आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. क्विक सिंकवाला पर्याय (ते काम लॅपटॉपच्या चिपमधला खास भाग करतो) झटपट करतो पण तेवढ्या साइजमध्ये चित्र जरा हलकं येतं, घाई असेल तरच. आवाजात कंजुषी करू नका, १६० केबीपीएसचा आवाज मिनिटाला सव्वा एमबीच्या आसपास खातो, तो कमी करून काय वाचणार. पेनड्राइव्हवर जागा असून मोठी फाइल जात नाही ती तक्रार पण त्यातलीच, तो फॅट३२ नावाच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही, एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट करून टीव्ही वाचतोय का बघू, मी आले की करते. फाइलच्या नावात तारीख घाला, नाहीतर मुंज कधीची आणि बारसं कधीचं यावरून तुमची भांडणं होणार.

मामाला पाठवायचं तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जसंच्या तसं जातं. साधा व्हिडिओ म्हणून पाठवलंत की ते परत दाबतात, आणि मग तुम्ही तोच व्हॉट्सॲपवरचा सेव्ह करून डिस्कवर ठेवता, हे मी बघितलंय बाबा.

ओरिजिनल सगळे त्या नव्या १ टीबीच्या डिस्कवर. शिमग्याला येताना मी दुसरी डिस्क घेऊन येते, सगळं कॉपी करून पुण्याला नेते, २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी भरलं तेव्हा खालच्या कपाटातल्या टेपा कशा निघाल्या ते आठवतंय ना. आणि ही डिस्क माळ्यावर ठेवा, देवघराखाली नको.

फोन भरला तर भरू दे, नवीन शूट करू नका चार दिवस. डिलीट दाबायच्या आधी मला फोन करा, रात्री दोन वाजता केला तरी उचलेन.

तुमची,
मनू

ता. क. आई, आंबापोळी शिल्लक असेल तर ठेव माझ्यासाठी, चामडं झाली असली तरी चालेल.