महिन्याच्या साडेतीन हजारांपायी

सातारा, 18 जानेवारी 2026

प्रिय अन्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून नुसतं हं हं करून ठेवून दिला. पण रात्री झोप लागेना. तू म्हणालास, "बँकेत साडेसहा टक्केसुद्धा धड मिळत नाहीत, चौकातली पतसंस्था साडेदहा देतेय, चेअरमन ओळखीचा आहे, रिटायरमेंटचे सगळे पैसे तिथं टाकून मोकळा होतो." ते 'मोकळा होतो' काही डोक्यातून जाईना. म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

आमच्या अण्णांचं तुला थोडंफार माहीत आहे, सगळं मी कधी बोललो नाही. अण्णा रिटायर झाले तेव्हा बँकांचे दर असेच उतरलेले होते. त्यांनी फंडातले 2 लाख 40 हजार एका पतसंस्थेत ठेवले. तेरा टक्के व्याज. ठेवीदार गेला की आधी चहा यायचा. दोन वर्षं व्याज वेळेवर आलं, अण्णा आईला दर महिन्याला मोजून पैसे द्यायचे. मग एका सोमवारी गेले तर शटर अर्धं खाली आणि दाराला कागद चिकटवलेला.

त्यानंतर सात वर्षं अण्णा सोमवारी तिथं जात राहिले. ठेवीच्या पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायच्या. जाताना त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या, आल्यावर परत डब्यात. कधी दोन हजार मिळायचे, कधी पाचशे. क्लार्क पावतीच्या मागे निळ्या पेनानं तारीख आणि रक्कम लिहून सही करायचा. पावतीची पाठ भरली तेव्हा त्यानं कोरा कागद टाचणीनं जोडून दिला. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी जोडून 15 हजारांसाठी अर्ज केला, दोन हजार मंजूर झाले. अण्णा गेले तेव्हा एकूण 96 हजार परत आले होते. तो डबा अजून माझ्या कपाटात आहे.

त्या संस्थेचा चेअरमन लबाड होता असं मी म्हणत नाही. अण्णाही कधी म्हणाले नाहीत. साधा हिशेब बघ. ठेवीला साडेदहा द्यायचे तर कर्ज चौदा-पंधराच्या पुढे द्यावं लागतं. त्या दरानं कर्ज घेतो कोण? ज्याला बँकेनं परत पाठवलं तो. पाऊस गेला, धंदा बसला की त्याचा हप्ता थांबतो आणि मग तुझी ठेव अडकते. चेअरमन ओळखीचा असला तरी त्याच्या कर्जदारांची तुला ओळख आहे का?

आणखी एक, जे अण्णांनाही कुणी सांगितलं नव्हतं. बँकेत, मग ती सहकारी का असेना, ठेवीला विमा असतो. आधी एक लाख होता, 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाख झाला. एका माणसाला एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून. पतसंस्था ही बँक नव्हे. तिची नोंदणी सहकार खात्याकडे असते आणि तिच्या ठेवीला हे विम्याचं छत्र नाही. पाटीवर नाव कितीही मोठं असू दे, पाच लाखांतला एक रुपयाही तिथं लागू होत नाही. सगळ्या पतसंस्था वाईट असतात असं नाही, चांगल्या चालवणारी माणसं मी पाहिली आहेत. पण साठाव्या वर्षी, पगार थांबल्यावर, आयुष्याची सगळी पुंजी तिथं ठेवायची नाही. यावर मी तुझ्याशी भांडायलाही तयार आहे.

आता दर का उतरले ते सांगतो, म्हणजे बँकेवरचा राग जरा निवळेल. फेब्रुवारी 2025 पर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, 6.50 टक्के होता. वर्षभरात चार वेळा कपात होऊन 5 डिसेंबरला तो 5.25 वर आला. महागाई उतरली म्हणून हे झालं. ऑक्टोबरात महागाईचा सरकारी आकडा अर्धा टक्कासुद्धा नव्हता. बँकांना पैसा स्वस्तात मिळू लागला की त्या ठेवींना जास्त देत नाहीत.

तू म्हणालास, पूर्वी पीपीएफला, म्हणजे सरकारच्या भविष्य निधी खात्याला, बारा टक्के मिळायचे, ते दिवस गेले. खरं आहे, 1986 पासून जानेवारी 2000 पर्यंत बारा होते. पण 1991 साली महागाई तेरा टक्क्यांच्या वर होती हे आपण विसरतो. म्हणजे बारा टक्के घेऊनही त्या वर्षी पैसा आतून झिजतच होता. आज सात मिळाले तर तुझ्या वडिलांपेक्षा तुझं नुकसान होतंय असं समजू नकोस. महागाई एवढी खाली कायम राहणार नाही हेही मला कळतं, आणि म्हणूनच सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवायचे नाहीत.

तुझ्याकडे पीएफ-ग्रॅच्युइटी मिळून 34 लाख आहेत. मी ते कोणता पैसा कधी लागणार यावरून वेगळे केले आहेत. कुठं किती टक्के मिळतात ते नंतर पाहिलं.

सगळ्यात मोठा हिस्सा, 18 लाख, पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. दर 8.2 टक्के. पोस्टाच्या योजनांचे दर केंद्र सरकार दर तिमाहीला ठरवतं, त्यामुळे बँका वर्षभर उतरल्या तरी हा दर अजून जागेवर आहे. आणि खरी गोष्ट पुढेच आहे: खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं तोच राहतो. एप्रिलमध्ये सरकारनं तो कमी केला तरी तुझा 8.2 हलणार नाही. व्याज वाढायची वाट बघत बसण्यापेक्षा उतरत्या काळात आजचा दर बांधून घेतलेला बरा. 18 लाखांवर तिमाहीला 36,900 रुपये खात्यात येतील, म्हणजे महिन्याला 12,300. कमाल मर्यादा 30 लाख आहे, तेव्हा जागा आहे. खातं वहिनींबरोबर जॉइंट काढ. या योजनेत जॉइंट फक्त नवरा-बायकोचंच निघतं आणि त्यांना साठ पूर्ण नसले तरी चालतं. अडचणीला मोडताही येतं: वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळत नाही, दुसऱ्या वर्षात मुद्दलातून दीड टक्का जातो, नंतर एक टक्का. व्याजावर कर लागतो, तेवढं ध्यानात ठेव.

आता पतसंस्थेचे साडेदहा आणि हे 8.2. फरक 2.3 टक्क्यांचा. 18 लाखांवर वर्षाला 41,400, महिन्याला 3,450 रुपये. म्हणजे महिन्याच्या साडेतीन हजारांसाठी तू 18 लाख पणाला लावतोयस. मी हा आकडा कागदावर काढला तेव्हा मला अण्णांची ती प्लास्टिकची पिशवी दिसली.

तुझ्या लेकीच्या, ताईच्या लग्नासाठी तू 8 लाख धरलेत, दोन वर्षांनी लागतील असे. त्याला शेअर बाजाराचा वाराही लागू देऊ नकोस. पोस्टात दोन वर्षांच्या टाइम डिपॉझिटला, म्हणजे मुदत ठेवीला, 7 टक्के आहेत. रकमा तोडून दोन-दोन लाखांच्या चार पावत्या कर, म्हणजे कार्यालयाचा ॲडव्हान्स द्यायची वेळ आली तर एकच मोडेल. दागिन्यांचं काय ते वहिनी आणि ताई ठरवतील. फक्त दागिना ही गुंतवणूक धरू नकोस, घडणावळ आणि जीएसटी दुकानातच राहतात. दोन लाख बचत खात्यात किंवा स्वीप एफडीत (खात्याला जोडलेली, लागेल तेवढी आपोआप मोडणारी ठेव), दवाखाना आणि अडीनडीसाठी. त्यावर व्याज किती हे बघूच नकोस, तो पैसा हाताशी असला की झालं.

राहिले सहा लाख. इथं तू दचकशील. माझं मत, हे निफ्टीच्या, म्हणजे शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाच्या, इंडेक्स फंडात जावेत, दरमहा 25 हजार असे चोवीस महिने. तुझे वडील अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले. तुलाही पंचवीस वर्षं काढायची आहेत असं धरून चाल, आणि तेवढ्या काळात नुसत्या व्याजावर महागाई तुला गाठेल. इंडेक्स फंडात कुणी शहाणा माणूस शेअर निवडत बसत नाही. निफ्टीतल्या पन्नास कंपन्या ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात घेतल्या जातात, म्हणून खर्च अगदी थोडा, शंभर रुपयांमागे वर्षाला वीस-पंचवीस पैशांच्या आसपास. पडतो का? पडतो. जानेवारी 2020 मध्ये निफ्टी 12,400 च्या वर होता, 24 मार्चला 7,500 पर्यंत आला. दोन महिन्यांत शंभराचे साठ. मी ते दोन महिने खात्याकडे बघितलं नाही आणि हप्ताही थांबवला नाही. तुझं काळीज तेवढं घट्ट नसेल तर तीनच लाख घाल आणि तीन पोस्टात वाढव. दहा वर्षं हात लावायचा नाही एवढं मात्र मनाशी पक्कं कर, नाहीतर त्या वाटेला जाऊच नकोस.

रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग बाँडही आहेत, सध्या 8.05 टक्के. ते राष्ट्रीय बचत पत्राच्या दराला बांधलेले असतात, दर सहा महिन्यांनी बदलतात, आणि तुझ्या वयाला सहा वर्षं अडकतात. दर उतरतील अशी भीती असताना मी तरी आधी पोस्टाचा बांधलेला दर घेईन.

आता चिरंजीवांचं. तू म्हणालास, त्याला नोकरी लागल्यावर बँकेतल्याच एका मुलीनं समोर बसवून पाच हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक हप्ता, चालू करून दिली. चांगलं झालं, सवय लागली. पण त्याला स्टेटमेंट काढून फंडाच्या नावापुढे 'रेग्युलर' आहे की 'डायरेक्ट' एवढं बघायला सांग. 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन आहे. फंड तोच, शेअर तेच, फक्त मधल्या माणसाचं कमिशन नाही. फरक बऱ्याचदा एक टक्क्याच्या आसपास असतो आणि तो वेगळा कापलेला कुठं दिसत नाही, म्हणून कुणाला टोचत नाही. मी हिशेब केला: महिन्याला पाच हजार, वीस वर्षं, म्हणजे खिशातून 12 लाख. वर्षाला 11 टक्क्यांनी वाढले तर साधारण सव्वात्रेचाळीस लाख होतात, 10 टक्क्यांनी अडतीस. सव्वापाच लाखांचा फरक, एका टक्क्यात! आणि वाढ 11 होईल की 8 हे त्याच्या हातात नाही, कमिशन द्यायचं की नाही हे आहे. फंड कंपनीच्या साइटवर पॅन आणि आधारवर अर्ध्या तासात खातं निघतं, शेअर ठेवायचं डिमॅट खातं लागत नाही. जुने युनिट घाईनं विकायला लावू नकोस, त्यावर कर बसू शकतो. पुढचे हप्ते तेवढे डायरेक्टमध्ये वळव.

त्याला पीपीएफही उघडून दे. 7.1 टक्के, एप्रिल 2020 पासून तोच दर आहे, आणि व्याजाला कर नाही. वर्षाला पाचशे भरले तरी खातं जिवंत राहतं. पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरायचे, कारण पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज धरतात. सहा तारखेला भरले तर त्या महिन्याचं व्याज गेलं. हे मला पोस्टातल्या एका बाईंनी खिडकीतून हळूच सांगितलं होतं, मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

मी गुरुवारी सकाळच्या एसटीनं कऱ्हाडला येतोय. पॅन, आधार, दोघांचे दोन-दोन फोटो, वहिनींचंही आधार आणि चेकबुक काढून ठेव. योजनेत लाखाच्या वरची रक्कम चेकनंच भरावी लागते. साडेदहाला हेड पोस्टात पोचू, दुपारी गर्दी होते. फॉर्मवर वारसाचा रकाना आपण तिथंच भरू, तो रिकामा ठेवायचा नाही. अण्णांच्या पावत्यांवर वारस नव्हता, आईला त्यासाठी वेगळे हेलपाटे घालावे लागले.

तोवर पतसंस्थेच्या फॉर्मवर सही करू नकोस. चेअरमनना सांग, मित्र येणार आहे, त्याच्याशी बोलून कळवतो. वाईटपणा माझ्यावर ढकल, मला चालेल.

वहिनींना नमस्कार, ताईला आशीर्वाद. हिनं तिळाच्या वड्या केल्यात, रथसप्तमीच्या आत पोचवायच्या म्हणून डबा भरूनच ठेवलाय. जेवायला तुमच्याकडेच आहे, भाकरी आणि काहीही चालेल.

तुझा,
शऱ्या