समृद्धी कारंज्यावरून गेली, काम पुण्यातच राहिलं

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाला आणि समृद्धी महामार्ग पुरा झाला. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, त्यातले पाच आमच्या विदर्भातले. रस्ता झकास आहे, त्यात वाद नाही.

पण तो बंदिस्त आहे. इंटरचेंज सोडून कुठे चढता येत नाही. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टरला तर मनाईच. वेगाच्या रस्त्यावर ते बरोबरही आहे. फक्त ज्या पोट्ट्याकडे एक मोटरसायकल आहे, त्याच्यासाठी समृद्धी म्हणजे धुऱ्यापलीकडची भिंत.

या रस्त्याच्या काठाने आयटी कंपन्या येतील, असं ऐकतो. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल नागपूरच्या मिहान प्रकल्पात आल्या, कारण तिथं विमानतळ, एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) आणि अख्खं नागपूर होतं. हिंजवडीही एक्स्प्रेसवेने उभी केली नाही; जागा एमआयडीसीनं दिली, कॉलेजं पुण्यात आधीच होती. इंजिनिअरिंग कॉलेजं आमच्याकडेही आहेत: बडनेरा, सेवाग्राम, पुसद, शेगाव (हे तर १९८३ पासून). तिथून शिकून पोट्टे ट्रॅव्हल्सनं पुणे गाठतात.

इंटरचेंजपाशी नवनगरं वसवणं हा विषय रस्ते विकास महामंडळाचा, हे ठाऊक आहे. तरी पत्र तुम्हालाच लिहितो, कारण गाळे बांधून देण्याचा अनुभव एमआयडीसीचा.

मोठ्या कंपनीची वाट पाहू नका. कारंजा इंटरचेंजजवळ, टोलनाक्याच्या बाहेर, दुचाकीनं पोचता येईल अशा जागी पाच-दहा माणसं बसतील एवढे गाळे बांधा आणि भाड्यानं द्या. महामार्गाच्या आराखड्यात ऑप्टिकल फायबर धरलेलं होतं, ते तिथवर आणा. भारनियमन नको. मूर्तिजापूर, मंगरूळपीरहून कामाच्या वेळेला एसटी सोडा.

तिथं काम कोणतं, असं तुमचे साहेब विचारतील. जिनिंगचे हिशेब, गोदामाच्या पावत्या, सोयाबीनचा ओलावा मोजायची यंत्रं, काटे. यांचं सॉफ्टवेअर आम्ही बाहेरून घेतो. ऐन सीझनमध्ये ते अडकलं की कपाशीच्या गाड्या फाटकापर्यंत लागतात, मुनीम फोन कानाला लावून बसतो आणि पलीकडून सांगतात, तक्रारीचं तिकीट नोंदवलंय. अर्ध्या तासावर माणूस असता तर ते काम त्याचं, पैसेही इथलेच.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एवढंच सांगा: कारंज्याचे गाळे कोणत्या वर्षी, आणि भाडं किती?

आपला,
जिनिंगमधला एक मुनीम
कारंजा (लाड), जि. वाशीम