नागपुरात टिकलेला बोर्ड वेसाव्यात का बिघडला

दादर, मुंबई
१८ जुलै

प्रिय मित्र सुधाकर यास,
सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या समुद्रकाठी असलेल्या वेसाव्याच्या बर्फाच्या कारखान्यातून, तू नागपुरात बनवलेले तीन पंप कंट्रोलर उतरवून मी दुकानात आणले आणि, तू फोनवर वैतागून म्हणाला होतास तसेच, तिन्ही माझ्या टेबलावर ठणठणीत चालले. तरी ते मधूनच बंद पडतात असे सांगणारे गिऱ्हाईक खोटे बोलत नाही. कंट्रोलरच्या आतला बोर्ड, म्हणजे सुटे भाग सोल्डर केलेली पाटी, रात्रभर दिव्याच्या उबेत राहिला की त्याचा दोष वाळून जातो, आणि म्हणूनच तो तुझ्या नागपूरच्या कारखान्यात कधी सापडला नाही.

नागपूरच्या ४५ अंशांत पत्र्याच्या पेटीत तीन उन्हाळे काढणारा बोर्ड मुंबईच्या ३० अंशांत एका पावसाळ्यात कसा जातो, असे तू विचारलेस. तुमचा उन्हाळा कोरडा. इथे जुलैत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. काचतंतू आणि इपॉक्सीचा बोर्ड स्वतः पाणी फार पीत नाही, वजनाच्या हजारात एखाद-दोन भाग. खरा घोळ पृष्ठभागावर होतो. तिथे पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा बसतो. तो शुद्ध असता तर फारसे बिघडले नसते, पण सोल्डर नीट चिकटावे म्हणून लावलेल्या फ्लक्सचा राहिलेला अंश आणि समुद्रावरून उडत येणारे मीठ त्यात विरघळते आणि त्या पापुद्र्यातून वीज वाहू लागते. साधे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की आपणहून पाझरते, आणि समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या कितीतरी आधी. आपल्या घरची मिठाची बरणी पावसाळ्यात पाणी सोडते, ते तू लहानपणापासून पाहत आला आहेस.

पुढचा प्रकार मी भिंगाखाली पाहिला. २४ व्होल्टच्या धन ट्रॅकवरचे, म्हणजे बोर्डावरच्या वीज नेणाऱ्या पट्टीचे, तांबे त्या पापुद्र्यात विरघळते, त्याचे आयन ऋण ट्रॅककडे ओढले जातात, तिथे पुन्हा धातू होऊन बसतात, आणि नेच्याच्या पानासारखी एक बारीक फांदी ऋणाकडून धनाकडे वाढत येते. ती समोर टेकली की क्षणभर शॉर्ट होतो, फांदी फ्यूजसारखी जळून जाते आणि कंट्रोलर जणू काही झालेच नाही असा पुन्हा चालू होतो. गिऱ्हाईक ‘आपोआप बंद पडतो, आपोआप सुरू होतो’ म्हणते, ते यामुळेच.

उष्णतेला मात्र निर्दोष समजू नकोस. तापमानात दर १० अंशांची वाढ झाली की रोधकाचे, म्हणजे वीज अडवणाऱ्या थराचे, आयुष्य साधारण निम्मे होते, असा एक जुना ठोकताळा आहे; तो ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. शिवाय रोज तापून निवण्याने काचतंतू आणि इपॉक्सी यांची पकड सुटत जाते, आणि त्या फटीतून ओल शिरली की तांब्याची तार बोर्डाच्या पोटातून, तंतूच्या कडेने वाढू शकते. ती ब्रशने घासून निघत नाही. बोर्ड टाकूनच द्यावा लागतो. तुझ्या तिघांपैकी एकात मला हाच संशय आहे.

सर्वांत वाईट वेळ पंप बंद असतानाची. बोर्ड चालू असला की स्वतःच्या उबेने थोडा कोरडा राहतो. रात्री पेटी निवते, आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा रबरी सीलच्या फटींतून आत ओढली जाते. म्हणून पेटी घट्ट बंद करण्याचा तुझा उपाय मला पटत नाही. तिच्या तळाला श्वास घेण्यापुरते जाळीदार भोक ठेव, केबल खालून आत घे, आणि पंप बंद असतानाही ट्रान्सफॉर्मर चालू राहून पेटीत ऊब राहील अशी जोडणी कर.

बोर्डावर संरक्षक वार्निश लावण्याचा विषय तू काढला आहेस. न धुतलेल्या बोर्डावर वार्निश मारणे म्हणजे मीठ आत कोंडणे. वार्निशातूनही वाफ हळूहळू शिरते आणि खाली नेमकी मिठाशी गाठ घेते. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने दोनदा धू, मग ८० अंशांवर काही तास वाळव, आणि मगच ॲक्रिलिक वार्निशाचा हात दे. हा क्रम तुझ्या पोरांना भिंतीवर लिहून दे, कारण घाईत धुण्याचाच टप्पा गळतो.

तपासणीसाठी मी एक घरगुती युक्ती करतो. झाकणाच्या डब्यात मिठाचा ओला लगदा ठेवला की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. संशयाचा बोर्ड सुटे भाग काढून, लगद्याला न टेकवता, तीन रात्री तिथे ठेवला. कोरडा असताना मेगरवर, म्हणजे रोध मोजणाऱ्या यंत्रावर, १०० व्होल्टला ४०० मेगाओहम दाखवत होता. काल संध्याकाळी २ सुद्धा नव्हते. आता तो धुऊन वाळवतो आणि पुन्हा डब्यात ठेवतो. तेव्हाही आकडा खालीच राहिला, तर दोष पोटात आहे हे नक्की. शनिवारी मोजून कळवतो. तोपर्यंत नव्या खेपेला वार्निश लावू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन