साठ माणसांची फाईल बंद केली, सांगू कुणाला?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

काही दिवसांपूर्वी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की गेम हा प्रकार घरातून हद्दपार केला पाहिजे, त्याने माणूस कामातून जातो. ते पत्र वाचलं तेव्हा मी स्वतः एका जहाजाच्या खालच्या डेकवर, झोपायच्या झोळ्यांच्या रांगेत उभी राहून चार खलाशांचे पाय निरखत होते. म्हणजे टेबलावर लॅपटॉप, शेजारी वही, आत गॅसवर डाळ. डाळ करपली, हे कबूल करते.

माझं वय ६६. एका विमा कंपनीत ३३ वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची १४ रत्नागिरीच्या शाखेत, क्लेमच्या टेबलावर. मिरकरवाड्याच्या लाँची, ट्रॉलर, खलाशांच्या अपघाताच्या पॉलिसी हे सगळं माझ्याकडे यायचं. गेमशी माझा संबंध एवढाच, की भाचा लहान असताना मीच त्याच्या हातातून ते यंत्र हिसकावून कपाटावर ठेवत असे. तोच भाचा यंदा गणपतीला पुण्याहून आला, जुना लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मावशी, हा तुझ्या ऑफिसातला गेम आहे. खेळून बघ."

गेमचं नाव 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. २०१८ सालचा, म्हणजे पोरांच्या हिशोबाने जुना. लुकस पोप नावाच्या माणसाने जवळजवळ एकहाती केलेला. १८०२ साली ओब्रा डिन हे व्यापारी जहाज लंडनहून पूर्वेकडे निघतं. ठरल्या वेळी केप ऑफ गुड होपला पोचत नाही, बेपत्ता म्हणून नोंद होते. १८०७ च्या ऑक्टोबरात ते इंग्लंडमधल्याच फॅल्मथ बंदराशी वाहत येऊन लागतं आणि वर एकही जिवंत माणूस नाही. ईस्ट इंडिया कंपनी आपला विमा निरीक्षक पाठवते. तो निरीक्षक म्हणजे आपण. जहाजावर ६० जण होते. प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं, कुणी मारलं असेल तर कुणी, एवढं गेममधल्या वहीत भरायचं. बस्स.

आमच्या कायद्याने तर १८०७ साली ती माणसं मेलेलीच नव्हती! आपल्याकडे बेपत्ता माणसाची ७ वर्षं काही खबर लागली नाही, तर तो मेला असं धरतात. तोवर त्याची बायको ना सधवा ना विधवा. हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिलेलं आहे.

पहिले दोन दिवस मला नुसतं चालता येत नव्हतं. डाव्या हाताने पाऊल टाकायचं, उजव्या हाताने मान वळवायची. मी सारखी लाकडी भिंतीला धडकत होते आणि वरून चक्कर. बोटीने येताना कधी उलटी झाली नाही ती खुर्चीत बसून व्हायची वेळ आली. मग जमलं. गेममधल्या निरीक्षकाकडे एक घड्याळ असतं. प्रेतापाशी किंवा हाडांपाशी उभं राहून ते उघडलं की आधी काळोखात फक्त आवाज येतात: कुणाचं ओरडणं, पावलं, एखादं अर्धं वाक्य. मग त्या माणसाच्या मरणाचा एकच क्षण जागच्या जागी थिजलेला दिसतो. बंदुकीच्या नळीतून सुटलेला धूर, उसळलेलं पाणी, उगारलेला हात. त्या क्षणाच्या आत आपण चालत फिरायचं आणि कोण कुठे उभं आहे ते बघायचं. सगळं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत. भाचा म्हणाला, फार जुन्या मॅकिन्टॉश संगणकाचा पडदा असा असायचा. मला झेरॉक्सच्या झेरॉक्सची आठवण झाली. पंचनाम्याला जोडलेले फोटो हुबेहूब असेच यायचे.

आणि गोष्ट शेवटाकडून सुरू होते. आधी कॅप्टनच्या केबिनचं दार, मग तिथून मागे मागे. भाच्याला ही फार मोठी करामत वाटते. मला नाही वाटली. सरकारी फाईल अशीच वाचतात. सगळ्यात वरचा कागद सगळ्यात शेवटचा असतो.

यात अडवणूक अशी, की तीन माणसांची नावं आणि नशिबं बरोबर भरली की मगच वही ती छापील करून देते. एक बरोबर, दोन बरोबर, तरी गप्प. तीन झाली की शिक्का. पहिल्यांदा तीन नावं पक्की झाली तेव्हा मी घरात एकटीच "हां!" करून ओरडले. नोकरीत ३३ वर्षं कुणी असा शिक्का मारून दिला नाही. तिथे आपण बरोबर होतो की चूक, ते ऑडिटवाला येईपर्यंत कळायचं नाही, आणि तोही फक्त चूकच सांगायचा.

माझी खरी पंचाईत बोलीची झाली. कोण स्कॉटलंडचा, कोण आयर्लंडचा, कोण वेल्सचा हे बोलण्याच्या हेलावरून ओळखावं अशी अपेक्षा आहे. मला देवगडचा आणि दापोलीचा तांडेल पहिल्या वाक्यात वेगळा कळतो, पण हे सगळे साहेब मला एकाच गावचे वाटले. म्हणून मी दुसरीकडून गेले. कोण कुणाच्या पंगतीला जेवतो, कुणाला कुठल्या खोलीत मुक्तद्वार आहे, कुणाच्या हाताखाली कोण, हे टिपत गेले. जहाजावरच्या चित्रकाराने सगळ्यांची चित्रं काढून ठेवली आहेत, ती पुन्हा पुन्हा बघितली. माझ्या स्वतःच्या वहीची ३८ पानं भरली.

मग ते पाय. शिडांवर चढणारे चार चिनी खलाशी आहेत. चार नावं माहीत आहेत, चार चेहरे माहीत आहेत, पण कुठलं नाव कुठल्या चेहऱ्याचं ते कळेना. दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की झोपायच्या झोळ्यांना नंबराच्या चिठ्ठ्या आहेत, यादीतल्या माणसांनाही नंबर आहेत, आणि झोपलेल्यांचे पाय झोळीबाहेर आले आहेत. चेहरा झाकलेला, पायताण उघडं. तेच पायताण दुसऱ्या कुठल्या प्रसंगात कुणाच्या पायात आहे ते शोधायचं.

इथे मी खेळ थांबवला आणि उठून ओटीवर जाऊन बसले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लाँचीवरून खलाशी पाण्यात गेला होता. नवव्या दिवशी किनाऱ्याला प्रेत लागलं, तोंडावरून ओळखण्याच्या पलीकडे गेलेलं. कमरेला करदोटा होता आणि करदोट्याला एक लहानशी किल्ली. त्याच्या बायकोने घरून पत्र्याची ट्रंक आणवली, पोलिसांसमोर ठेवली. हवालदाराने किल्ली घातली. कुलूप उघडलं. आत त्याचा एक शर्ट, रेशनकार्ड आणि मुलीची पैंजणं होती. ती बाई रडली नाही, तिने ट्रंक परत बंद केली आणि किल्ली मागितली. किल्ली मिळाली नाही, कारण ती पंचनाम्यात लिहिली गेली होती. तो क्लेम मी मंजूर केला, त्यात माझं काही कौतुक नाही. पण ते कुलूप उघडल्याचा आवाज मी घरी कधी कुणाला सांगितला नव्हता, तो या गेममुळे भाच्याला फोन करून सांगितला.

जहाजाच्या यादीत चार खलाशी हिंदुस्थानचे आहेत. त्या काळी कंपनीच्या जहाजांवर आपल्याकडची माणसं असायचीच. साहेब त्यांना लस्कर म्हणत. गेममधली त्यांची नावं बघा: अब्राहम अकबर, विल्यम वसीम, सोलोमन सय्यद, रेनफ्रेड रजब. उभ्या जन्मात मी रेनफ्रेड नावाचा खलाशी ऐकला नाही. इतका बारकाईने घडवलेला खेळ, अन् इथे मात्र कुठल्या तरी कारकुनाने हाताला येईल ते पहिलं नाव डकवावं तसं वाटतं. कदाचित त्या काळच्या लंडनच्या कारकुनाने खरोखर असंच डकवलं असतं, त्यामुळे फार भांडत नाही. त्यातले दोघे सुरुवातीच्याच एका प्रकरणात फुप्फुसाच्या आजाराने जातात. ना तलवार, ना बंड, ना दर्यातलं संकट. नुसती थंडी. एवढं फोडल्याबद्दल ज्यांना गेम खेळायचा आहे त्यांची क्षमा मागते. बाकीचं एक अक्षर सांगणार नाही.

शेवटी आपल्या नोंदींवरून कंपनी हिशोब करते. कुणाच्या वारसांना किती रक्कम द्यायची, कुणाकडून उलट दंड वसूल करायचा. बऱ्याच खेळाडूंना ते पान कंटाळवाणं वाटत असेल. मी ते दोनदा वाचलं. गुन्हा मेलेल्याचा आणि दंड मागे राहिलेल्यांच्या बोकांडी, हे त्या कंपनीला शोभून दिसतं.

एक कबुली. शेवटची काही नावं मी तुक्क्याने भरली. दोन पक्की करायची आणि तिसऱ्याच्या जागी एकेक नाव बदलत जायचं, वहीला कंटाळून कधीतरी शिक्का मारावाच लागतो. भाचा म्हणतो ही लबाडी आहे. असेल. खेळायला एकूण १९ संध्याकाळी लागल्या, त्यातल्या तीन वीज नव्हती म्हणून फुकट.

आता मुद्द्याचं. गेम संपला त्या रात्री मला कुणाशी तरी बोलायचं होतं. नाटक बघून आलं की आपण रिक्षातच सुरू करतो, की दुसरा अंक सैल होता, अमक्याचं काम बरं होतं. पुस्तक संपलं की वाचनालयात कुणी तरी भेटतं. गेम संपवून आलेल्या ६६ वर्षांच्या बाईने कुणाकडे जावं? शेजारच्या वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही जिंकलात का?" जिंकण्याचा प्रश्नच नव्हता हो, जवळजवळ सगळे मेलेलेच होते.

पत्रलेखक गृहस्थ ज्याला गेम म्हणतात तो संपत नाही. मोबाईलवर रोज नवं आमिष, रोज हजेरी, नाहीतर पैसे लावून रमी. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, ते योग्यच झालं. जोखीम आणि जुगार यातला फरक विम्यातल्या माणसाला कुणी शिकवू नये. पण ज्याला शेवट आहे असाही गेम असतो. तो संपतो, लॅपटॉप मिटतो, आणि माणूस डाळीचं पातेलं घासायला लागतो.

म्हणून आम्ही आमच्यापुरती सोय केली. भाचा, मी, आणि शेजारची अकरावीतली मुलगी. रविवारी फोनवर नाहीतर ओटीवर एकच विषय: काय संपवलंस आणि कसं वाटलं. भाच्याने 'राजी' संपवला. २०२० सालचा हा गेम पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी केलेला आहे, हे ऐकून मी त्याला दोनदा विचारलं, आपल्या पुण्यात? राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधत निघते. भाच्याचं मत: वाडे, तलाव, भिंतींवरची चित्रं बघत थांबावंसं वाटतं, मारामारी मात्र अवघडून गेल्यासारखी, आणि शेवट असा की पुढच्या भागाची वाट बघत ताटावरून उठावं. मी अर्धा खेळले. उड्या मारताना सारखी खाली पडते. चित्रं खरंच सुरेख आहेत, एवढ्यावर माझं मत थांबवते.

शेजारच्या मुलीने एका दुपारी 'अ शॉर्ट हाईक' संपवला. एक पाखरू, क्लेअर तिचं नाव, सुट्टीला मावशीकडे आलंय. तिला एका फोनची वाट बघायची आहे आणि तिथे रेंज नाही. रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर. मग वाटेत लोकांशी गप्पा मारत, मासे पकडत, सोनेरी पिसं गोळा करत माथा गाठायचा. मुलगी म्हणाली, "काकू, हा गेम कोणीतरी आमच्या आजोळी येऊन केलाय." लॉकडाऊनमध्ये कोकणातली पोरं शाळा-कॉलेजच्या तासांसाठी डोंगरावर जाऊन बसत होती, त्यातलीच ती एक. माथ्यावर कुणाचा फोन येतो ते तिने मला सांगितलं नाही, खेळून बघा म्हणाली. बघितला. चार दिवस आईच्या फोटोकडे जास्त वेळ बघत होते, इतकंच लिहिते.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नाटक, सिनेमा, पुस्तक, हॉटेलातली थाळी, सगळ्यांना जागा आहे. गेमला जागा मिळते ती पोरं बिघडल्याच्या बातमीत. महिन्यातून एकदा अर्धा कॉलम द्या. तज्ज्ञ नकोत. ज्याने जे संपवलं त्याने त्याविषयी दोनशे शब्द लिहावेत. आणि शेवट फोडायचा नाही, एवढी एकच अट ठेवा. लिहिणारे मिळाले नाहीत तर आम्ही तिघं आहोतच.

भाच्याने आता त्याच लुकस पोपचा २०१३ सालचा 'पेपर्स, प्लीज' घालून दिलाय. सीमेवरच्या ठाण्यात खिडकीत बसायचं, रांगेतल्या माणसांचे पासपोर्ट तपासायचे, तारीख, फोटो, शिक्का जुळतो का बघायचं. दिवसात दोन चुकांपर्यंत ताकीद, तिसरीपासून पगारातून कापतात, आणि संध्याकाळी त्याच पगारात घरच्यांचं जेवण, औषध नि शेगडी भागवायची. काल एका बाईचे कागद अपुरे होते आणि तिचा नवरा पुढे निघून गेला होता. मी तिला सोडली. पैसे कापले गेले. गेम संपला की कळवते.

आपली,
एक निवृत्त विमा अधिकारी,
रत्नागिरी